अडलेली वाटी

एक विद्यार्थी, इयत्ता १० वी

रोजच्या वापरांतील वस्तूंचें एक विशेष असें आहे कीं, त्या नीट चालतात तोंपर्यंत त्यांच्या पोटांत काय आहे याची चौकशी करण्याची बुद्धि आपणांस होत नाहीं. घड्याळ बंद पडलें म्हणजे आपण त्याचें झांकण उघडतों. विहिरीचा रहाट कुरकुरूं लागला म्हणजे आपण त्याच्या कण्याकडे पाहतों. सायकलीचीहि गोष्ट अशीच आहे. पायडल मारलें कीं ती पुढें जाते आणि हँडल फिरविलें कीं ती वळते, एवढें ज्ञान बहुतेकांस पुरेसें वाटतें. मलाहि गेल्या मे महिन्यापर्यंत तें पुरेसें वाटत होतें. त्या महिन्यांत मला एका जुन्या सायकलीच्या मानेंतून दोन पोलादी वाट्या बाहेर काढाव्या लागल्या. त्यांपैकीं एक सात-आठ घावांत निघाली. दुसरीला अकरा दिवस लागले. प्रस्तुत लेख त्या दुसऱ्या वाटीविषयीं आहे.

ती सायकल माझ्या आजोबांची. आजोबा प्राथमिक शाळेंत शिक्षक होते. आमचें गांव कृष्णाकांठीं, उसाच्या पट्ट्यांत आहे, आणि त्यांची शाळा गांवापासून नऊ किलोमीटरांवर होती. सेवानिवृत्त होईपर्यंत ते या सायकलीवरूनच शाळेंत जात-येत असत. उसाच्या गाड्यांनीं पडलेल्या चाकोऱ्या, पावसाळ्यांतील काळा चिखल आणि उन्हाळ्यांतील फुफाटा या साऱ्यांतून ती सायकल वर्षानुवर्षें धांवली. पुढें आजोबांची दृष्टि अधू झाली; आतां त्यांस उजेड आणि सांवली यांपलीकडे फारसें कांहीं दिसत नाहीं. तेव्हांपासून सायकल परसांतील गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी होती. तिच्यावर गोणपाट पडलें होतें आणि गोणपाटावर कोंबड्या बसत होत्या. तरीहि आजोबा कधीं तिकडे गेले म्हणजे हँडलावर हात ठेवीत, तें डावीकडे-उजवीकडे फिरवून पाहत, आणि "अजून अडतें आहे," असें स्वतःशींच म्हणत.

आमच्या घरापासून हें हायस्कूल पांच किलोमीटरांवर आहे. मी माझ्या सायकलीवरून येतों. यंदाच्या जूनपासून माझी धाकटी बहीणहि पांचवींत या शाळेंत यावयाची होती. एस. टी. च्या वेळा शाळेच्या वेळांशीं जुळत नाहींत, आणि नवी सायकल घेण्याइतकी सवड घरांत नव्हती. तेव्हां असें ठरलें कीं, माझी सायकल बहिणीनें घ्यावी, आणि आजोबांची सायकल दुरुस्त करून ती मीं वापरावी. दुरुस्ती मीच करणार, हा माझा हट्ट होता. वडील म्हणाले, "ठीक आहे. पण मृग लागायच्या आंत ती चालती झाली पाहिजे. नाहीं तर ती भंगारांत घालूं, आणि हिला यंदा गांवच्याच शाळेंत ठेवूं." वडिलांच्या बोलण्यांत राग नव्हता, हिशेब होता. बहीण दाराआड उभी राहून ऐकत होती. ती कांहीं बोलली नाहीं. परंतु दुसऱ्या दिवसापासून ती गोठ्यापाशीं येऊन बसूं लागली.

टायर, ट्यूब, साखळी, ब्रेकांचे रबर या गोष्टी पैशाच्या होत्या, अवघड नव्हत्या. खरा दोष हँडलांत होता. हँडल फिरवूं लागलें कीं बरोबर मध्यावर तें कशांत तरी अडके, आणि जोर केला कीं एकदम सुटे. वरवर पाहतां ही गोष्ट क्षुल्लक वाटते. परंतु सरळ रस्त्यानें जात असतांनाहि सायकलस्वाराचें हँडल क्षणभर स्थिर नसतें. तोल ज्या बाजूला जाऊं पाहील त्या बाजूला तें किंचित् वळवून तो सदोदित स्वतःला सांवरीत असतो. हें सांवरणें इतकें सूक्ष्म असतें कीं त्याचें त्यालाहि कळत नाहीं. जें हँडल मध्यावर अडतें तें नेमक्या याच सूक्ष्म हालचालींना अडवितें, आणि म्हणून तें धोक्याचें असतें.

किंबहुना पुढचें चाक वळवितां येणें हाच सायकलीचा प्राण आहे. जर्मनींतील कार्ल ड्राइस यानें १८१७ सालीं मॅन्हाइम येथें जी लांकडी दुचाकी चालविली तिला पायडल नव्हतें. स्वार जमिनीला पाय रेटून ती ढकलीत असे. परंतु तिचें पुढचें चाक वळवितां येत असे, आणि त्यामुळेंच दोन चाकांवर तोल राखणें शक्य झालें. पुढें १८६९ सालीं पॅरिस येथील झ्यूल स्यूरिरे यानें सायकलीसाठीं पोलादी गोळ्यांच्या बेअरिंगांचें पेटंट घेतलें. त्याच वर्षीं ७ नोव्हेंबरला पॅरिस ते रुआँ ही सुमारें १२३ किलोमीटरांची शर्यत जेम्स मूर यानें तसल्या बेअरिंगांच्या सायकलीवर बसून जिंकली. जें घासत होतें तें घरंगळूं लागलें म्हणजे किती श्रम वांचतात, हें त्या दिवशीं पुष्कळांच्या लक्षांत आलें असलें पाहिजे.

सायकलीच्या मानेंतहि अशाच गोळ्या असतात. आमच्याकडे त्यांना छर्रे म्हणतात. हँडलाखालीं सांगाड्याची एक आंखूड उभी नळी असते. तिच्या वरच्या व खालच्या तोंडांत एकेक पोलादी वाटी ठोकून बसविलेली असते. पुढचें चाक ज्यांत असतें त्या चिमट्याची दांडी या नळींतून वर येते, आणि वाट्यांत भरलेल्या छर्ऱ्यांवर ती फिरते. वाटीला नळींत धरून ठेवण्यास स्क्रू नसतो कीं नट नसतो. वाटीचा आंत जाणारा भाग नळीच्या पोकळीहून सुमारें एक दशांश मिलिमीटर मोठा असतो, एवढ्याच दाटीवर ती बसलेली असते. त्या दाटींत पुढें गंज शिरतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळें जी वाटी प्रथम हातोडीनें बसविलेली असते ती कालांतरानें पाचर मारल्यासारखी होते.

आजोबा ओट्यावर बसून सूचना देत आणि मी हात चालवीत असें. ब्रेकाच्या सळया सोडविल्यावर ते म्हणाले, "हँडलाच्या मधला बोल्ट पुरता काढूं नकोस रे. तीन फेरे सैल कर, वर लांकडाचा तुकडा ठेव, आणि एकच नीट ठोका दे. खालीं कोन अडकलेला असतो, तो सुटला पाहिजे." तसें केल्यावर हँडल वर आलें. मग दिव्याच्या पट्टीवरचा मोठा नट काढला, त्याखालचें आट्यांचें कडें काढलें, तों चिमटा खालीं घसरला आणि जुने छर्रे अंगणभर पसरले. कोंबड्या ते टिपावयास धांवल्या. परंतु बहिणीनें त्यांच्याआधीं ते वेंचून पेल्यांत ठेवले. एक कमी भरला. तो कोंबडीच्या पोटांत गेला, असें तिचें आजहि मत आहे.

वरची वाटी मीं खालून एक जाड सळई घालून ठोकली. सात-आठ घावांतच ती टणकन उडून पडली. तें पाहून आपण जन्मतःच कारागीर आहों असें मला वाटूं लागलें. आजोबा म्हणाले, "वरची तेवढ्यांत निघाली? मग खालचीला जपून. पाणी नेहमीं खालीं जाऊन बसतें." मीं तें ऐकलें, परंतु मनावर घेतलें नाहीं.

खालच्या वाटीची आंतली कड नळींत जेमतेम बोटाला लागत होती. पुढच्या बाजूस सळई तिच्यावर नीट टेके. मागच्या बाजूस ती घसरे. म्हणून मी सोयीची बाजू धरून तेथेंच घाव घालीत गेलों. पहिल्या दहा घावांत वाटी त्या बाजूनें दोन मिलिमीटर खालीं आली. मला मोठा आनंद झाला. पुढच्या वीस घावांत ती तिळभरहि हलली नाहीं. तेव्हां मीं वडिलांचा मोठा हातोडा आणला. जें थोड्या जोरानें अर्धें झालें तें अधिक जोरानें पुरें होईल, अशी माझी समजूत होती. शेवटीं सळई घसरली आणि नळीच्या आंतून खोल ओरखडा उमटला. वाकून पाहतों तों तिरप्या झालेल्या वाटीनें नळीच्या तोंडाची कड एका ठिकाणीं बाहेर फांकविली होती.

बहीण तेथेंच उभी होती. तिनें विचारलें, "मोडली का, दादा?"

"नाहीं. तूं घरांत जा," मी म्हणालों, आणि सांगाडा गोणपाटाखालीं ठेवून दिला.

त्या संध्याकाळीं आजोबांनीं विचारलें, "निघाली का रे?" मी म्हणालों, "निघेल, आजोबा. तेल सोडून ठेवलें आहे." हें खोटें होतें. तेलाचा थेंबहि मीं सोडला नव्हता. दुसऱ्या दिवशीं तोच प्रश्न आला आणि मीं तेंच उत्तर दिलें. ज्याला डोळ्यांनीं दिसत नाहीं त्याला फसविणें फार सोपें असतें, आणि म्हणूनच तें फार लाजिरवाणें असतें. हें मला त्या दिवसांत पूर्णपणें कळत होतें. तरी खरें तोंडांतून बाहेर येत नव्हतें. बहिणीला सर्व ठाऊक होतें. ती आजोबांच्या शेजारीं बसून माझ्याकडे नुसती पाहत असे. तिसऱ्या दिवशीं मीं तिला दटावलें, "सांगूं नकोस हं." ती म्हणाली, "मी नाहीं सांगणार. पण मला त्या शाळेंत जायचं आहे ना." यावर मला कांहींच बोलतां आलें नाहीं.

चवथ्या दिवशीं दुपारीं मी परसांत गेलों, तों आजोबा भिंतीच्या आधारानें तेथें येऊन बसलेले. गोणपाट बाजूला पडलें होतें. सांगाडा त्यांच्या मांडीवर होता, आणि त्यांची तर्जनी वाटीच्या कडेवरून सावकाश फिरत होती. एक फेरा झाला, दुसरा झाला. फांकलेल्या कडेपाशीं बोट थांबलें.

"ही पुढच्या अंगानें आली आहे," ते म्हणाले. "मागचें अंग जिथल्या तिथें आहे. कधीं झालें हें?"

"पहिल्याच दिवशीं," मी म्हणालों. एकदां तोंड उघडल्यावर मग मीं सर्व सांगितलें: मोठा हातोडा, ओरखडा आणि तेलाविषयींचें खोटें. आजोबा बराच वेळ गप्प राहिले. 'पुरे झालें, देऊन टाका सायकल,' असें ते म्हणतील या भीतीनें मी खालीं पाहत उभा होतों. शेवटीं ते म्हणाले, "चाचांकडे जा. आपण काय केलें तें त्यांना आधीं सांग. उपाय नंतर विचार."

गांवच्या एस. टी. स्टँडाजवळ चाचांचें सायकलीचें दुकान आहे. आजोबांच्या सायकलीला तेच वर्षानुवर्षें हात लावीत आले आहेत. मीं सांगितलेलें त्यांनीं मध्यें न बोलतां ऐकून घेतलें, सांगाडा उलटा केला आणि वाटी पाहिली. आतां ते एखादें मोठें हत्यार काढतील अशी माझी अपेक्षा होती. ते म्हणाले, "बाळा, हिला आधीं परत आंत घालायला पाहिजे."

"आंत? पण चाचा, ती बाहेर काढायची आहे ना?"

"वांकडी झालेली वाटी कितीहि ठोक, बाहेर येत नाहीं. जितकी ठोकशील तितकी ती नळीच्या अंगांत रुतते. जिथें ती सरळ होती तिथें तिला परत ने. मग सगळ्या बाजूंनीं सारखी बाहेर आण."

टेबलाचा खण एका बाजूनें ओढला म्हणजे तो तिरपा होऊन अडतो, आणि मग ओढून कांहीं उपयोग होत नाहीं. त्याला थोडें मागें ढकलून सरळ करावें लागतें. हा अनुभव कोणाला नाहीं? परंतु खण अडला असतां जें मी न शिकवितां करीत आलों होतों, तें वाटीच्या वेळीं मला सुचलें नाहीं. कारण ते दोन मिलिमीटर म्हणजे माझ्या घावांची कमाई होती, आणि ती आपल्या हातानें परत करणें माझ्या जिवावर आलें होतें. चाचांनीं वाटीवर सपाट लांकडी ठोकळा ठेवला आणि हातोडी माझ्याच हातांत दिली. हलके दहा-बारा ठोके बसल्यावर वाटी सर्व बाजूंनीं नळीला सारखी टेकली. चार दिवस खर्चून मी जेथून निघालों होतों तेथेंच येऊन पोंचलों होतों. असें असूनहि घरीं परत येतांना माझें मन पहिल्या दिवसापेक्षां हलकें होतें.

यानंतरचे सहा दिवस वाट पाहण्याचे होते. चाचांच्या सांगण्यावरून थोडें रॉकेल आणि थोडें पातळ यंत्रतेल एकत्र करून तें मी सकाळ-संध्याकाळ वाटीच्या सांध्यावर थेंब थेंब सोडीत असें. असलें पातळ मिश्रण सूक्ष्म फटींतून आपोआप आंत ओढलें जातें. दिव्याच्या वातींत तेल ज्या कारणानें चढतें त्याच कारणानें हें घडतें. मात्र त्याला वेळ लागतो. चाचांनीं एक ताकीद दिली होती. "हें लावलेलें असतांना जवळ दिवा नेऊं नकोस, शेगडी नेऊं नकोस. ज्योतीनें तापवायचं तर मनांतसुद्धां आणूं नकोस." ही ताकीद माझ्या वाचकमित्रांनींहि लक्षांत ठेवावी.

ज्योत नाहीं तर कढत पाणी चालेल असें मला वाटलें, आणि वर्गांत शिकलेलें प्रसरणाचें गणित मीं मांडलें. एक अंश सेल्सिअस तापमान वाढलें असतां पोलाद आपल्या लांबीच्या सुमारें ०.००००१२ पट वाढतें. नळीच्या पोकळीचा व्यास ३० मिलिमीटर, आणि कढत पाण्यानें तापमान ७० अंशांनीं वाढेल असें धरलें, तर ती पोकळी सुमारें ०.०२५ मिलिमीटर मोठी होईल; म्हणजे केसाच्या जाडीहूनहि कमी, परंतु जेथें सारी दाटीच एक दशांश मिलिमीटराची आहे तेथें हेंहि थोडें नव्हे. हें गणित मीं मोठ्या अभिमानानें आजोबांना वाचून दाखविलें. ते म्हणाले, "आणि वाटीहि तापली तर?" मी गप्प झालों. वाटीहि तितकीच तापली तर तीहि तितकीच फुगणार, आणि लाभ शून्य होणार. तेव्हां पाणी नळीवर बाहेरून ओतावें आणि वाटीच्या आंत गार पाण्यानें भिजविलेली चिंधी दाबून धरावी, असें ठरलें.

दरम्यान चाचांनीं मला एक हत्यार तयार करावयास शिकविलें. सुमारें चाळीस सेंटिमीटर लांबीचा एक लोखंडी पाइप घेतला. त्याच्या एका टोंकाला करवतीनें अधिक-चिन्हासारखे दोन उभे छेद बारा सेंटिमीटरांपर्यंत दिले. त्यामुळें त्या टोंकाला चार जिभा झाल्या. त्या जिभा किंचित् बाहेर फांकविल्या. आतां पाइपाचें साधें टोंक खालून नळींत घालून पाइप वर सारला असतां वाटींतून जातांना जिभा आंत दबतात, आणि वाटी ओलांडतांच पुन्हां फांकून तिच्या आंतल्या कडेवर बसतात. वरून बाहेर आलेल्या टोंकावर घाव घातला कीं तो चारी जिभांमधून वाटीच्या चारी बाजूंना पोंचतो. माझ्या सळईचा घाव एकाच ठिकाणीं बसत असे. या पाइपाचा घाव वांटला जातो.

अकराव्या दिवशीं संध्याकाळीं आम्हीं सर्व तयारी केली. मीं सांध्यावरचें तेल पुसून घेतलें. आईनें चुलीवरून कढत पाणी आणून दिलें. वडील नुकतेच शेतावरून आले होते. त्यांनीं कांहीं न बोलतां हातपाय धुतले आणि येऊन सांगाडा दोन्ही हातांनीं घट्ट धरला. बहिणीनें गार चिंधी दाबून धरली. पाणी ओतून झाल्यावर चिंधी काढली, पाइप सारला, आणि जिभा खट्कन बसल्या. आजोबा शेजारीं बसले होते. मीं चार घाव घातले कीं त्यांचें बोट कडेवरून फिरे आणि ते सांगत, "हललेली नाहीं." पुन्हां चार घाव. "हललेली नाहीं." मला पुन्हां मोठ्या हातोड्याची आठवण झाली, हें मी कबूल करतों. सहाव्या वेळीं घावाचा आवाज बदलला. आतांपर्यंत तो भरीव दगडावर मारल्यासारखा बद्द येत होता. आतां त्यांत थोडा खणखणाट आला. आजोबांचें बोट फिरलें आणि थांबलें. ते म्हणाले, "केसभर आली. सगळीकडून सारखी आली." पुढें प्रत्येक घावानिशीं ती थोडी थोडी येत गेली, आणि शेवटीं बहिणीनें खालीं धरलेल्या फडक्यांत पडली. कोणी ओरडलें नाहीं. वडिलांनीं सांगाडा खालीं ठेवला आणि हात झटकले. "आजून मृगाला अवकाश आहे," एवढेंच ते म्हणाले.

वाटी रॉकेलांत धुतल्यावर हँडल कां अडत होतें तें डोळ्यांनीं दिसलें. छर्ऱ्यांच्या वाटेवर लहान लहान खळग्यांची एक रांग पडली होती. सायकल बहुतेक वेळ सरळ चालते. म्हणून छर्रे एकाच जागीं राहून रस्त्याच्या हादऱ्यांनीं तेथल्या तेथेंच थरथरत राहतात. त्या जागेवरचें वंगण हळूहळू बाजूला सारलें जातें, आणि धातु धातूला लागून झिजते. हँडल मध्यावर आलें कीं सर्व छर्रे एकाच वेळीं आपापल्या खळग्यांत उतरत असत. अडणें तें हेंच. आजोबांनीं त्या खळग्यांवरून नख फिरविलें. "हा माझा शाळेचा रस्ता," ते म्हणाले.

नव्या वाट्या आणण्यापूर्वीं चाचांच्या व्हर्नियर कॅलिपरनें सर्व मापें घेतलीं. दिसायला सारख्या असणाऱ्या वाट्यांचीं मापें सारखीं नसतात; एका पद्धतीची वाटी ३०.० मिलिमीटरांची, तर दुसऱ्या पद्धतीची ३०.२ मिलिमीटरांची असते, आणि एकीच्या जागीं दुसरी ठोकली तर ती सैल तरी राहते किंवा नळी तरी फाडते. चिमट्यावर बसणारें कडेंहि याच रीतीनें मापून काढलें. तें काढतांना एक ठोका डावीकडे आणि एक उजवीकडे, हें आतां मला कोणी सांगावें लागलें नाहीं. नवा संच आम्हीं सांगलीहून आणला.

माझ्या चुकीची किंमत मात्र येथें भरावी लागली. नळीचें खालचें तोंड फांकलेलें असल्यामुळें नवी वाटी तेथें जरा सैल बसूं लागली. चाचांनीं ती कड शक्य तितकी ठोकून सरळ केली. तरी पहिल्यासारखी ती झाली नाहीं. मग शीतपेयाच्या रिकाम्या डब्याची पातळ पट्टी कापून, ती वाटीभोंवतीं गुंडाळून वाटी बसवावी लागली. त्या डब्याचा पत्रा सुमारें एक दशांश मिलिमीटर जाडीचा असतो. पहिल्या दिवशीं मीं घाईनें जेवढें अंतर वाढविलें होतें, जवळजवळ तेवढेंच मला पत्र्यानें भरून काढावें लागलें. वाट्या बसविण्यासाठीं हातोडा वापरला नाहीं. नळींतून एक लांब आट्यांची सळई घालून, दोन्ही टोंकांना जाड वायसर व नट लावून, ते पान्यानें आवळीत गेलों. त्यामुळें दोन्ही वाट्या सरळ आंत ओढल्या गेल्या.

ग्रीस लावून नवे छर्रे भरण्याचें काम बहिणीनें केलें. वाटी पूर्ण भरावयाची आणि मग एक छर्रा काढून घ्यावयाचा, असा नियम आहे. एकाची जागा मोकळी राहिली नाहीं तर छर्रे एकमेकांस रेटून अडतात. शेवटीं वरचें कडें आवळावयाचें, तेंहि बेतानें. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागें-पुढें हलविली तर मानेंत खडखड होऊं नये, आणि पुढचें चाक उचलून सांगाडा किंचित् कलता केला तर हँडल आपल्या आपण त्या बाजूला वळावें. या दोन्ही गोष्टी साधेपर्यंत मला तें कडें नऊ वेळां सैल करावें आणि आवळावें लागलें.

मृगापूर्वीं चार दिवस सायकल अंगणांत उभी राहिली. शाळा सुरू झाल्यापासून बहीण माझ्या सायकलीवर पुढें असते आणि मी आजोबांच्या सायकलीवर तिच्या मागें असतों. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं मी पुढचा ब्रेक दाबून मानेची परीक्षा करतों, कारण तो पत्रा कायमचा टिकेल असें चाचांनीं मला सांगितलेलें नाहीं. वडिलांनीं फांकलेल्या कडेवर रंग लावावयास सुचविलें होतें.

सायकल पुरी झाली त्या दिवशीं आजोबांना मीं अंगणांत आणलें. त्यांनीं हँडल धरून डावीकडे फिरविलें, उजवीकडे फिरविलें, मध्यावर आणून सोडलें. तें कोठेंहि अडलें नाहीं. मग त्यांचा हात खालीं गेला आणि बोट त्या फांकलेल्या कडेपाशीं थांबलें. मी म्हणालों, "आजोबा, तेवढ्या जागीं रंग देणार आहों. मग दिसणार नाहीं."

"मला असेंहि दिसत नाहीं," ते हंसून म्हणाले. "राहूं दे. हाताला लागतें, तेंच बरें आहे."

ती कड अजून तशीच आहे.